फायनलचं वर्ष आणि पीजीची घाई

प्रिय डॉक्टर,

एमबीबीएसची शेवटची परीक्षा, फायनल पार्ट टू, आणि इंटर्नशिप अजून बाकी आहे, हे मलाही माहीत आहे. पण वॉर्डातल्या आज्या तुला केव्हाच 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागल्यात, तर मी कशाला मागं राहू?

तुझा लांबलचक मेसेज वाचला. त्यातून लायब्ररीची वेळ, हॉस्टेलचा गोंधळ आणि मेसचं वरण वगळलं तर प्रश्न एकच उरतो. क्लिनिक्सला, म्हणजे वॉर्डातल्या शिकवणीला, हजेरीपुरतं जावं आणि बाकीचा सगळा वेळ नीट पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या, ॲपला द्यावा का, कारण 'मॅडम, सगळे तेच करायलेत'. सगळे म्हणजे तुझ्या मजल्यावरच्या चार-पाच जणी, असा माझा अंदाज आहे.

माझं उत्तर 'नाही' असं आहे. रुग्णसेवेवर भाषण देणार नाही, घाबरू नकोस. नुसता हिशोब सांगते.

आधी तारखा बघ. नीट पीजी 2021 मध्ये 11 सप्टेंबरला झाली, 2022 मध्ये 21 मेला, 2023 मध्ये 5 मार्चला. 2024 ची 23 जूनला होती, ती आदल्या रात्री पुढे ढकलली आणि 11 ऑगस्टला घेतली. तोवर कित्येक पोरं सेंटरच्या गावी लॉजवर जाऊन पोहोचली होती. 2025 ची 15 जूनला ठरली होती, एका शिफ्टची की दोन शिफ्टची हा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि 3 ऑगस्टला झाली. ही यादी समोर ठेवून तू मला अठरा महिन्यांचं दिवसवार टाइमटेबल पाठवलंस, रंगीत पेनांनी आखलेलं. दिसतं छान. पण आपल्याकडं पेरणी तारीख बघून करत नाहीत, जमिनीत ओल किती उतरली ते बघून करतात. तुझ्या वडिलांना हे मी सांगायची गरज नाही.

तारीख हलते, क्रम हलत नाही. आधी फायनल पास, मग पूर्ण बारा महिन्यांची इंटर्नशिप, मग पीजीचा प्रवेश. आणि इंटर्नशिप कोणत्या तारखेपर्यंत संपायला हवी याची एक कटऑफ असते. 2024 ला ती 15 ऑगस्ट होती, 2025 ला 31 जुलै. आता उलटा हिशोब कर. फायनलला एका विषयात जरी गेलीस तरी पुरवणी परीक्षेच्या ऑड बॅचला पडशील, इंटर्नशिप काही महिने उशिरा सुरू होईल, कटऑफ चुकेल आणि रँक कितीही चांगली आणायची ताकद असली तरी ते वर्ष हातचं जाईल. ॲपवरचे एकोणीस विषय पूर्ण झालेले आणि मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला लाँग केसवर, म्हणजे पेशंट सविस्तर तपासून मांडायच्या भागावर, अडकलेली मुलगी मी एक्झामिनर म्हणून बघितलेली आहे. स्प्लीन (प्लीहा) किती बोटं लागतेय ते तिला सांगता येईना, कारण आधी कधी हात लावलाच नव्हता. शिवाय क्लिनिकलला 80 टक्के हजेरी नियमातच आहे. ती भरून काढायला शेवटच्या महिन्यात विभागांच्या दारात उभं राहण्यात जो वेळ जातो, त्यात एक अख्खा विषय वाचून होतो.

त्यामुळे या वर्षीचं मुख्य काम ठरलेलं आहे. मेडिसिन, सर्जरी, ओबीजीवाय (स्त्रीरोग-प्रसूती), पेडिॲट्रिक्स. हे चार विद्यापीठाच्या परीक्षेलाही आहेत आणि नीट पीजीच्या पेपरातही त्यांचा मोठा वाटा आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला उत्तर लिहून हवं असतं, तिकडं चारातून एक निवडायचं असतं, एवढाच फरक. आजार तेच. आणि पेपरातले हल्लीचे प्रश्न 'अमुक वयाचा शेतकरी, अमुक तक्रार' असेच सुरू होतात. तो शेतकरी तुझ्या वॉर्डात बेड नंबर सातवर झोपलेला असताना तू त्याला मोबाईलवर शोधायचं म्हणतेस, याचंच मला नवल वाटतं.

एक उदाहरण देते, पावसाळ्यातलं. पहाटे एक बाई आणली जाते. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपली होती. 'पोटात लई दुखायलंय' म्हणते. अंगावर दंश कुठं दिसत नाही, सूज नाही. नातेवाईक म्हणतात, काहीतरी शिळंपाकं खाल्लं असंल. तिला वर बघायला सांग. पापण्या उचलत नसतील, बोलणं बोबडं व्हायला लागलं असेल, तर मण्यार. मण्यारीच्या दंशाच्या खुणा बऱ्याचदा दिसतच नाहीत. आता तू बेडपाशी थांबलीस, तर तासाभरात तिची मान कशी लुळी पडते, ती एका श्वासात किती अंक मोजू शकते आणि तो आकडा कसा घसरत जातो, हे तुला दिसेल. हातानं दाबून श्वास द्यायची अँबू बॅग कधी जवळ आणून ठेवायची तेही कळेल. शेजारच्या बेडवर त्याच रात्री घोणस चावलेला पोरगा असेल. पाय सुजलेला, हिरड्यांतून रक्त. त्याचं 2 मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्टट्यूबमध्ये घे, 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेव, मग तिरपी कर. गोठलं नसेल तर विषाचा परिणाम रक्तावर झालाय. ट्यूब साबणानं धुतलेली किंवा प्लॅस्टिकची असेल तर निकाल फसवा येतो, हे सिस्टर तुला पुस्तकाआधी सांगतील. आणि अँटिस्नेक व्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर एकच का चालतं, हा प्रश्न तिथंच डोक्यात येईल. या एका रात्रीतून फार्मॅकचे, मेडिसिनचे, फॉरेन्सिकचे किती प्रश्न सुटतात ते तूच मोज. फवारणीचं औषध पोटात गेलेल्या पेशंटबद्दलही हेच: टाचणीएवढ्या झालेल्या बाहुल्या आणि ॲट्रोपीन कुठवर द्यायचं ते एकदा डोळ्यांनी बघितलं की पाठांतराची गरज राहत नाही.

मग ॲप वापरायचंच नाही का? वापर. पण एकच वापर. मॅरो घेतलंस ना, मग प्रेपलॅडरच्या नोट्स मैत्रिणीकडून झेरॉक्स करून आणू नकोस. पद्धत अशी ठेव की सकाळी जी केस घेतलीस त्याच विषयाचे प्रश्न संध्याकाळी सोडवायचे. 2024 पासून पेपर पाच भागांत असतो, प्रत्येक भागात 40 प्रश्न आणि 42 मिनिटं. भाग संपला की मागे जाता येत नाही. म्हणून एका बैठकीत 40 प्रश्न, 42 मिनिटं लावून, फोन फ्लाइट मोडवर टाकून. बरोबर उत्तराला 4, चुकलं तर 1 वजा. ठोकून द्यायची सवय असेल तर ती आत्ताच दिसेल. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेव. रंगीत पेनं तिथं वापर.

बाकीच्या विषयांत पॅथॉलॉजी, फार्मॅक, मायक्रो आणि पीएसएम (कम्युनिटी मेडिसिन) एवढे या वर्षी तोंडओळखीत ठेव, रविवारी थोडे थोडे. ॲनाटॉमी आणि बायोकेम इंटर्नशिपमध्ये.

आता ब्रँच. तू लिहिलंयस, 'रँक आल्यावर बघू'. इथं मी तुझ्याशी अजिबात सहमत नाही. रँक आल्यावर चॉइस फिलिंगला थोडेच दिवस असतात, आणि त्या दिवसांत मामा, शेजारचे सर आणि टेलिग्रामचे ग्रुप हे तिघं मिळून ब्रँच ठरवतात. हल्ली वरच्या रँकवाल्यांचा ओढा रेडिओलॉजी, डर्मा, मेडिसिन असा आहे. त्यात वाईट काहीच नाही. पण तुला पेशंटशी बोलायला आवडतं, तू आजीबाईंच्या सुनेची कहाणी ऐकत बसतेस. अंधाऱ्या खोलीत दिवसभर फिल्म वाचून तू सुखी होशील का, याचा विचार आत्ता कर. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. पोस्टिंग संपल्यावर घरी जाऊ नकोस. प्रत्येक मोठ्या विभागाच्या इमर्जन्सी ड्युटीच्या रात्री एकदा तरी जेआर-वनच्या, म्हणजे पीजीच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या, मागं उभी राहा. पहाटे तीनला तो काय करतोय, त्याचा आवाज कसा लागतोय, सीनिअर त्याच्याशी कसं बोलतो. लेबर रूममधला पहाटे तीनचा थकवा वेगळा, ऑर्थोमधला वेगळा. ज्या विभागातली कटकट तुला सहन होईल ती ब्रँच निवड. चकाकती बाजू सगळ्यांचीच आवडते.

कॉलेजबद्दलही ऐक. पुण्या-मुंबईचं नाव सगळ्यांना हवं असतं. पण संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, नांदेडला विष्णुपुरीत, लातूरला किंवा आपल्या अंबाजोगाईत जेवढे पेशंट हाताखालून जातात, तेवढे मोठ्या नावाच्या खासगी ठिकाणी जातीलच असं नाही. रेसिडेन्सीत हात तयार व्हायला हवा. जिथं पहिलं सिझर सहा महिन्यांनी मिळतं आणि जिथं ते पहिल्या काही आठवड्यांत मिळतं, तिथल्या डॉक्टरांत फरक पडतो. हे कोणत्याच ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं. तिथल्या जेआर-टूला फोन करून विचारावं लागतं. एमडी-एमएसला समकक्ष असलेल्या डीएनबीच्या जागाही बघ, काही ट्रस्ट हॉस्पिटलांत त्या उत्तम आहेत. आणि आयएनआय-सीईटी ही वेगळी प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा असते. एम्स, पीजीआय, जिपमर यांच्यासाठी. पात्र झालीस की फॉर्म भर, किमान पेपरचा अंदाज येतो.

इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे 12 आठवडे असतात. त्यात पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) सही मारून लातूरच्या अभ्यासिकेत जाऊन बसायची प्रथा तुला ठाऊक आहे. मी शिक्षिका असल्यानं काय म्हणायला हवं ते मला माहीत आहे, पण खरं सांगायचं तर सकाळची ओपीडी संपली की पीएचसीत बराच वेळ रिकामा मिळतो. मेडिकल ऑफिसरशी मोकळेपणानं बोल, सकाळची ओपीडी पूर्ण कर, आणि बाकीचा वेळ तिथंच क्वार्टरमध्ये वाच. नेटवर्क नसतं हा फायदाच. आणि पीएचसीला कमी लेखू नकोस. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना त्यांनी विंचूदंशाच्या पेशंटच्या नोंदी ठेवल्या आणि ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज विंचूदंशाला प्राझोसिन हे उत्तर तू डोळे झाकून टिक करतेस, त्याच्या मागे ते काम आहे.

अमेरिकेचं तू ओझरतं लिहिलंस, म्हणून ओझरतंच सांगते. तो रस्ता धरायचा असेल तर निर्णय या वर्षीच घे, इंटर्नशिपनंतर नाही. तिकडच्या हॉस्पिटलांत पेशंटला हात लावू देणारी इलेक्टिव्ह विद्यार्थ्यांनाच मिळते. डिग्री हातात आली की बहुतेक ठिकाणी नुसतं बघत उभं राहावं लागतं. तिकडच्या यूएसएमएलई या परवाना परीक्षेची स्टेप वन 2022 पासून नुसती पास-नापास आहे, त्यामुळे स्टेप टूच्या मार्कांचं वजन वाढलंय. अर्ज सप्टेंबरात, मुलाखती हिवाळाभर, मॅचचा, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपाचा, निकाल मार्चमध्ये, काम 1 जुलैला सुरू. खर्च प्रचंड आहे. नीट पीजी आणि स्टेप्स दोन्ही एकदम करते म्हणणाऱ्यांचं बहुधा दोन्ही अर्धवट राहतं.

आणि घरचं. गावाकडं 'झाली ना डॉक्टर, मग दवाखाना कधी टाकायली?' असं विचारतील. त्यांना पीजी म्हणजे काय ते एकदा नीट समजावून सांग, दरवेळी चिडून फोन ठेवू नकोस. पहिल्या वेळी रँक नाही आली तर सरकारी बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सेवेचं, एक वर्ष आहेच. पगार मिळतो, पेशंट मिळतात आणि शहाणपणानं वापरलं तर अभ्यासही होतो. पुण्यात खोली घेऊन ड्रॉप, म्हणजे वर्षभर नुसता अभ्यास, हा दुसरा पर्याय. पण फायनलच्या वर्षातच 'ड्रॉप घेईनच' असं ठरवून बसू नकोस, त्यानं हात ढिले पडतात.

शेवटचं काम कागदांचं, आणि ते तुझ्यापेक्षा वडिलांना जास्त करायचंय. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा ऑल इंडियाच्या एमसीसीकडून, म्हणजे केंद्राच्या समुपदेशन समितीकडून, भरतात, बाकीच्या राज्याच्या सीईटी सेलकडून, आणि दोघांना प्रमाणपत्रं वेगवेगळ्या नमुन्यात लागतात. राज्याच्या यादीतला प्रवर्ग केंद्राच्या यादीत असेलच असंही नाही. ते आत्ताच तपासून घे. जात वैधता एमबीबीएसच्या वेळची आहे, ती मूळ प्रत कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला जमा असेल. नॉन-क्रीमीलेअरची मुदत मात्र संपते. दिवाळीला घरी गेलीस की वडिलांना घेऊन सेतूत जा, दोन्ही नमुन्यांचे अर्ज टाक, पावतीचा फोटो मला पाठव. सोमवारी आपल्या युनिटचा ॲडमिशन डे आहे. रात्री आठला ये, जेवून ये.

तुझी,
मॅडम