फेब्रुवारीत ट्रॉम्सो : पायऱ्या चढू का?

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या पुढची, गेली वीस वर्षं दर रविवारी सिंहगड चढतो. मुलगा नॉर्वेत ट्रॉम्सोला नोकरीला आहे. फेब्रुवारीत पंधरा दिवस त्याच्याकडे जातोय. तिथल्या डोंगरावर शेर्पांनी बांधलेल्या पायऱ्या आहेत म्हणे. त्या आम्हाला झेपतील का? आणखी काय करता येईल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, दमाचाच प्रश्न असता तर मी लगेच हो म्हटलं असतं. नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगड रचून केलेल्या त्या १२०३ पायऱ्या. त्या चढून वर गेलं तरी उंची ४२१ मीटरच. सिंहगडाची चढण याहून मोठी आहे. पण फेब्रुवारीत त्या पायऱ्या बर्फाखाली गडप असतात, त्यामुळे तेव्हा नकोच. केबल कारनं जा, चार मिनिटांत वर पोचाल. वारा फार असला की ती बंद ठेवतात, म्हणून पहिला स्वच्छ दिवस मिळेल त्याच दिवशी जाऊन या.

मी इथं नऊ वर्षं राहतेय. पहिल्याच हिवाळ्यात बसथांब्यापासून वीस पावलांवर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. वर भुरभुरीत ताजा बर्फ, खाली आदल्या दिवशी वितळून रात्री पुन्हा गोठलेला थर, अगदी काचेसारखा. तेव्हा उतरल्याबरोबर पहिली खरेदी ‘ब्रॉडर’ची करा. बुटावर ओढून चढवायचं रबर असतं, त्याला खालून लोखंडी खिळे. दुकानात शिरताना मात्र आठवणीनं काढा, फरशीवर तेच खिळे सरकतात.

अंगालगत सुती बनियन अजिबात घालू नका. घामानं ओलं झालं की थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. लोकरीचं पातळ बनियन घ्या, इथं लहान मुलंही तेच घालतात.

डोंगरात फिरायचंच असेल तर वाटाड्याबरोबर, स्नो-शू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट) घालून जा. क्वालोया बेटावर सोप्या वाटा आहेत. तीस अंशांहून तीव्र उतारावरून हिमकडा सुटतो, आणि तो खालच्या सपाटीवर चालणाऱ्यालाही गाठतो. हे सह्याद्रीत आपल्याला कधी शिकावं लागत नाही. मुलाला रोज सकाळी ‘वारसोम’ या संकेतस्थळावर हिमकड्याचा इशारा बघायला सांगा. एक ते पाच अशी पातळी असते. तीन दिसली तर मी स्वतः उताराच्या आसपासही जात नाही.

फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याचं, पाणी अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे गोठत नाही, म्हणून हिवाळ्यातही कयाक (वल्ह्याच्या छोट्या अरुंद होड्या) चालतात. तरी ते पाणी जीवघेणं गार असतं. अंगाला पाणी लागू न देणारा पूर्ण सूट देणाऱ्यांकडेच जा.

उत्तरप्रकाशासाठी (नॉर्दर्न लाइट्स) शहरात ढग असतील तर मुलाला गाडी आतल्या भागात, शिबोटनकडे काढायला सांगा. तिथं आभाळ बरेचदा मोकळं असतं.

आणि त्या पायऱ्या? जूनअखेरीस पुन्हा या. तेव्हा सूर्य मावळतच नाही. रात्री दहाला जेवून निघा, बाराला वर पोचा, थर्मासमधला चहा घ्या. समोर फ्योर्डवर ऊन पडलेलं असेल.