पीएस ५ (प्लेस्टेशन ५) या गेम कन्सोलला ५.१, म्हणजे सहा चॅनेलचं, होम थिएटर जोडलंय, पण मागचे स्पीकर वाजत नाहीत. काय करावं?

दादा, कन्सोल टीव्हीला आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायर होम थिएटरला, अशी तुमची जोडणी आहे. अडचण तिथंच आहे. ऑप्टिकलमधून लिनिअर पीसीएमचे, म्हणजे न दाबलेल्या डिजिटल आवाजाचे, दोनच चॅनेल जातात. सहा हवे असतील तर आवाज डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या दाबून लहान केलेल्या फॉरमॅटमध्ये जायला हवा. म्हणून कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये साउंड, मग ऑडिओ आउटपुटमध्ये जाऊन फॉरमॅट डॉल्बी करा. टीव्हीचा डिजिटल आवाज पास-थ्रूवर, म्हणजे न बदलता तसाच पुढं जाईल असा, ठेवा, हे हमखास राहून जातं. काही टीव्ही तरीही दोनच चॅनेल पुढं सोडतात. मग एचडीएमआय इनपुटवाला रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) घेऊन कन्सोल थेट त्यालाच लावा. नुसत्या महागड्या वायरीसाठी निपाणीहून बेळगावला खेप घालू नका, तिनं काडीचा फरक पडणार नाही.