गोळी पहिल्याच दिवशी पोचते, मग बरं वाटायला महिना का?

प्रिय डॉक्टर,

सोमवारपासून तू उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत एकट्याने बसणार. डिप्रेशनच्या पेशंटला गोळी लिहून देणं सोपं. ती सहा आठवडे नेमाने त्याच्या पोटात जात राहील हे बघणं अवघड, आणि ते जमायचं तर मेंदूत काय चाललंय हे तुला नीट ठाऊक हवं.

पहिल्यांदा एक वाक्य विसरून जा: "तुमच्या मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालंय, गोळी ते भरून काढेल." ऐकायला सोपं असल्याने सगळेच ते म्हणतात. पण बी-ट्वेल्व्हसारखं ते मोजून दाखवता येत नाही, आणि तेवढं खरंही नाही. या कल्पनेचा एक धागा मुंबईचा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि आपली ही मुळी जगाला कळली. तिच्यातून काढलेलं रिसर्पिन रक्तदाबासाठी सर्रास दिलं जाऊ लागलं, तेव्हा काही पेशंट उदास होतात असं दिसलं. रिसर्पिन चेतापेशींतला सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचा साठा रिकामा करतं. त्याच सुमारास क्षयावर दिलेल्या इप्रोनियाझिडने उलटं झालं, पेशंट हुशारले. ते औषध हीच रसायनं मोडू देत नाही. दोन्ही जोडून लोकांनी गणित मांडलं की साठा आटला म्हणजे उदासी.

या गणितात एक गोष्ट कधीच बसली नाही. एसएसआरआय, म्हणजे सेरोटोनिन पेशीत परत ओढू न देणारी नैराश्याची गोळी, घेतल्यावर सेरोटोनिनची ही परतीची वाट काही तासांत अडते. नुसती टाकी भरायची असती तर पेशंट दुसऱ्या दिवशी हसत आला असता. तो येतो महिन्याने.

मधल्या काळात काय होतं, तेवढं समजून घे. सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशींवर स्वतःचेच ब्रेक असतात, वन-ए जातीचे रिसेप्टर. बाहेर सेरोटोनिन वाढलं की ते आधी आणखी घट्ट लागतात. दोन-तीन आठवड्यांत ते बोथट होतात, मग पेशी मोकळेपणी चालते. दुसरीकडे बीडीएनएफ हे पेशींचं खत म्हणावं असं प्रथिन वाढतं, पेशींच्या जोडण्या पुन्हा लवचीक होतात. यातलं बरंचसं उंदरांत दिसलेलं आहे, माणसात तितकं थेट पाहता आलेलं नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात कामाची वाटते. भीती आणि धोका ओळखणारा अमिग्डाला नैराश्यात उदास चेहऱ्यांना, टोचणाऱ्या शब्दांना जास्त उसळून प्रतिसाद देतो. औषध सुरू केल्यावर हा उसळीचा भाग मूड बदलण्याआधीच, आठवडाभरात खाली येऊ लागतो. म्हणजे पेशंटला जग थोडं कमी बोचरं दिसू लागतं, पण त्या कमी बोचऱ्या जगात तो वावरला तरच मूडला काही पुरावा मिळतो. म्हणून गोळीसोबत रोज वीस मिनिटं बाहेर चालणं आणि एका माणसाशी बोलणं कागदावर लिहून दे. खोलीत पडून राहिलेल्या माणसाच्या मेंदूला नवं काही दिसतच नाही.

हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींच्या भागाबद्दलही विचारतील, हल्ली सगळ्यांनी वाचलेलं असतं. डिप्रेशनच्या १,७०० हून अधिक पेशंटच्या एमआरआयची निरोगी माणसांशी तुलना झाली, तेव्हा तो सरासरीने सव्वा टक्का लहान भरला. फरक मुख्यतः वारंवार आजार झालेल्यांत आणि लहान वयात सुरू झालेल्यांत होता. पहिल्याच वेळच्या पेशंटमध्ये नव्हता. सव्वा टक्का म्हणजे एका माणसाच्या फिल्मवर काहीच कळत नाही. पिवळ्या पाकिटातून एमआरआय घेऊन येणाऱ्याला निदान त्यावरून होत नाही हे शांतपणे सांग. साठीनंतर पहिल्यांदाच आलेला आजार, बदललेली चाल, एका अंगाची ताकद कमी, अशा वेळी मात्र एमआरआय कर.

आता केसपेपर. गोळीआधी एक प्रश्न कधीच चुकवू नकोस: "आयुष्यात कधी चार-पाच दिवस झोप न लागता भरपूर उत्साह, बडबड, खर्च असं झालं होतं का?" हो असेल तर ते बायपोलर, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह दोन्ही येणारा आजार, असू शकतं आणि एकटी अँटिडिप्रेसंट उलटू शकते. थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह करून घे. म्हातारा माणूस रक्तदाबासाठी पाणी काढणारी गोळी घेत असेल तर सोडियम आधी आणि पुन्हा दोन आठवड्यांनी. एसएसआरआयने ते घसरू शकतं, आणि घसरलं की तो "गोंधळल्यासारखं करतात" म्हणून आणला जातो आणि घरचे डिप्रेशन वाढलं समजतात. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक रोज चालू असेल तर एसएसआरआयसोबत जठरातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. दुखण्यावरची ट्रामाडॉल चालू असेल तर थांबव.

सुरुवात एसिटॅलोप्राम या एसएसआरआयच्या ५ मिलिग्रॅमने, नाश्त्यानंतर, सात दिवस, मग १०. साठीपुढे १० च्या वर जाऊ नकोस. पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, जीव घाबरा होणं हे होतं. आधी सांगितलं नाहीस तर चौथ्या दिवशी "गोळ्या गरम पडल्या" म्हणून सगळी स्ट्रिप कचऱ्यात जाते. आधी सांगितलंस तर तोच पेशंट म्हणतो, डॉक्टर बोलले होते तसंच झालं. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीला अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात, त्यांना सातव्या दिवशी बोलाव, आणि थेट विचार, "जगू नये असं वाटतं का?" विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. घरच्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दे, औषधांचा डबा त्यांच्या ताब्यात दे.

एका ठिकाणी मी जरा कडक बोलेन. एसिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत, १० अधिक अर्धा मिलिग्रॅम, अशी जोडगोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. पेशंट तीन दिवसांत खूश होतो, कारण क्लोनाझेपामने झोप लागते. खरी दवा अजून कामाला लागलेलीच नसते. पुढे डोस दुप्पट करायचा तर क्लोनाझेपामही दुप्पट होतं, आणि बंद करायचं तर झोप मोडते, हात थरथरतात. मग "डोक्याच्या गोळ्यांची सवय लागते" हे गावभर होतं ते यामुळेच. क्लोनाझेपाम हवंच असेल तर वेगळं, रात्री पाव किंवा अर्धा मिलिग्रॅम, दोन ते तीन आठवडे, बंद करायची तारीख त्याच चिठ्ठीवर.

दर भेटीत नैराश्य मोजायची पीएचक्यू-९ प्रश्नावली भर: नऊ प्रश्न, गुण शून्य ते २७. आकडा निम्म्याने उतरला तर प्रतिसाद, पाचच्या खाली आला तर बरा. दोन आठवड्यांत वीस टक्केही हलला नाही तर सावध हो. चार आठवड्यांत काहीच नाही तर लगेच गोळी बदलू नकोस. आधी रिकाम्या स्ट्रिपा मागव. अर्ध्या वेळा उत्तर तिथेच असतं. मग दारू, थायरॉइड, मग डोस, शेवटी औषध. अमेरिकेतल्या स्टार-डी अभ्यासात पहिल्या गोळीने पूर्ण बरे झाले ते साधारण तिघांत एक. हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगून ठेव, म्हणजे पहिली गोळी चालली नाही तर "माझंच काही होणार नाही" असं त्याला वाटणार नाही.

बरं वाटल्यावर किमान सहा ते नऊ महिने तोच डोस. दुसऱ्या-तिसऱ्यांदा आजार झालेला असेल तर दोन वर्षं. लोक सोडतात ते दुसऱ्या महिन्यात, सणाच्या आधी किंवा परगावी जाताना. त्या भेटीला जादा स्ट्रिपा लिहून दे.

आणि बंद करताना. एसिटॅलोप्रामचं भावंड असलेल्या सिटॅलोप्रामच्या २० मिलिग्रॅमला मेंदूतले सुमारे ८० टक्के ट्रान्सपोर्टर, म्हणजे सेरोटोनिन परत ओढणाऱ्या वाटा, अडतात. ४० वर ते ८६ च्या आसपास. पाच मिलिग्रॅमच्या थोडं वर मात्र अजून ६० टक्के अडलेले असतात. म्हणजे ४० वरून २० केलं तर मेंदूला पाच-सहा टक्क्यांचा फरक पडतो, आणि पाचवरून शून्य केलं तर साठ टक्क्यांचा. एसिटॅलोप्राम, सर्ट्रालिन यांचा आलेखही असाच वाकलेला. म्हणून पहिली निम्मी कपात चार आठवड्यांत कर, शेवटच्या पाचला दोन-तीन महिने दे: अर्धी, मग पाव. डोक्यात करंट बसल्यासारखं झालं, गरगरलं, उगाच रडू आलं तर आजार परत आला असं घाईने लिहू नकोस. गोळी सोडल्याचा त्रास सहसा काही दिवसांत सुरू होतो आणि मागच्या डोसवर गेलं की लवकर ओसरतो. आजार परततो तो आठवड्यांनी, हळूहळू. डोस कमी केल्याची आणि त्रास सुरू झाल्याची, अशा दोन्ही तारखा केसपेपरवर असतील तर दोन मिनिटांत कळेल कोणतं काय ते.