जपानी कराओकेत शिरितोरी खेळताना 'रु' आला की अडकायला होतं. 'रु'ने सुरू होणारी गाणी कोणती?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातली जपानी मंडळी कराओकेला गेली की गाण्यांच्या नावांची साखळी, म्हणजे शिरितोरी, लावतात आणि तुमच्या वाट्याला नेमका 'रु' येतो. नागोयात आठ वर्षं राहून मी हा खेळ भरपूर खेळले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक फरक पक्का करून घ्या, कारण भेंड्या खेळून मोठं झालेल्या माणसाचा गोंधळ तिथेच होतो. आपण गाण्याची ओळ जिथे थांबते ते अक्षर धरतो. जपानी लोक गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर धरतात. बोल कशाने सुरू होतात याला काही महत्त्व नाही. शिरितोरी या शब्दातच ते आहे: शिरी म्हणजे मागचा भाग, तोरी म्हणजे घेणं. दुसरं म्हणजे आपल्याकडे 'ळ' आला तर 'ल' घ्या, 'ण' आला तर 'न' घ्या, अशी सवलत असते. तिथे नाव नुसत्या 'न्'वर संपलं की ते गाणं निवडणारा बाद. 'न्'ने सुरू होणारा शब्दच जपानीत नाही, त्यामुळे पुढच्याला काही करता येत नाही आणि भेंडी तुमच्यावर चढते.

आता 'रु'. तुमच्यावर तो सारखा येतो त्याला कारण आहे. जपानी क्रियापदांचं मूळ रूप बहुधा 'रु'वर संपतं आणि गाण्यांच्या नावात अशी क्रियापदं सर्रास असतात. योआसोबीचं 'योरु नी काकेरु' घ्या, किंवा त्सुजी आयानोचं 'काझे नी नारु'. उलट अस्सल जपानी शब्द र-वर्गाने सुरूच होत नसत. असे जवळजवळ सगळे शब्द चिनीतून किंवा युरोपीय भाषांतून आलेले. म्हणजे 'रु'वर संपणारी गाणी ढीगभर आणि 'रु'ने सुरू होणारी मोजकी. मुरलेले खेळाडू मुद्दाम 'रु'वर संपणारी गाणी लावत राहतात. याला तिथे 'रुझेमे' म्हणतात, म्हणजे 'रु'ची चढाई.

सगळ्यांना आठवणारं पहिलं गाणं 'रूजू नो देनगोन'. आराई युमीचं, १९७५चं, आणि १९८९मध्ये ॲनिमेशन दिग्दर्शक मियाझाकींच्या छोट्या चेटकिणीच्या चित्रपटात सुरुवातीला वाजलेलं, त्यामुळे तरुण मुलांनाही पाठ. गाणं फार गोड आहे. पण नाव बघा: देनगोन. शेवटी 'न्'! मी पहिल्याच खेळात हे गाणं लावलं, पूर्ण म्हटलं, टाळ्याही मिळाल्या, आणि माइक खाली ठेवल्यावर शेजारच्या बाईंनी हळूच सांगितलं, "न् आला." त्या दिवसापासून गाणं निवडताना मी नावाचं शेपूट आधी बघते. 'रु'ची यादी पाठ करण्याइतकंच हेही महत्त्वाचं आहे, आणि नवखे लोक बाद होतात ते बहुतेक यातच.

माझी पहिली शिफारस 'रुबी नो युबिवा', म्हणजे माणकाची अंगठी. तेराओ आकिरा यांनी स्वतः चाल लावून गायलेलं, १९८१चं. त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार यालाच मिळाला, आणि 'द बेस्ट टेन' या टीव्ही कार्यक्रमात ते सलग १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. (हेच तेराओ पुढे कुरोसावांच्या 'ड्रीम्स'मध्ये दिसले.) आवाज खालच्या पट्टीतला, जवळजवळ बोलल्यासारखा, ताना-हरकती नाहीत. जपानी अजून कच्चं असेल तरी निभावतं. शेवट 'वा'वर, तोही पुढच्याला सोपा जात नाही.

दुसरं 'रुरिइरो नो चिक्यू', निळीशार पृथ्वी. मात्सुदा सेइकोचं, १९८६च्या 'सुप्रीम' अल्बममधलं. गंमत म्हणजे या दोन्ही गाण्यांचे गीतकार एकच, मात्सुमोतो ताकाशी. शाळांच्या समूहगायनात हे गाणं इतकं म्हटलं जातं की खोलीतले सगळे तुमच्याबरोबर गायला लागतात. मला मात्र ते जास्त जवळचं वाटतं ते 'रुरि' या शब्दामुळे. रुरि म्हणजे लाजवर्दासारखं निळं रत्न, आणि हा शब्द आपल्या 'वैडूर्य'चंच रूप आहे. प्राकृतातून चिनीत, चिनीतून जपानीत गेलेला. 'रु'ने सुरू होणारा अस्सल जपानी शब्द का सापडत नाही हे मला या एका शब्दावरून समजलं.

हे नाव 'चिक्यू' असलं तरी लिहिताना शेवटी 'उ' येतो, म्हणून पुढच्याला बहुतेक 'उ' मिळतो. साखळी फिरून पुन्हा 'उ' तुमच्याकडे आलाच तर साकामोतो क्यूचं 'उए ओ मुइते आरुको' तयार ठेवा. त्याचाही शेवट लिहिताना 'उ'च.

बाकीची थोडक्यात. 'रुपान सान्सेई नो तेमा' कोणीही ओळखतं, शेवट 'मा', पण चाल वेगवान आहे आणि दम लागतो. व्होकालॉइड (संगणकाने तयार केलेल्या आवाजातली गाणी) आवडणाऱ्यांत बसला असाल तर 'रुकारुका नाइतो फीबा' चालेल. आणि कोणी रुझेमे करत असेल तर हामासाकी आयुमीचं २००९चं 'रूल' लावा. नाव रोमन अक्षरांत असलं तरी उच्चार 'रूरु', म्हणजे सुरुवात 'रु', शेवटही 'रु'. समोरच्याचा 'रु' त्यालाच परत.

इथे आपल्या कानांना एक सवय लावावी लागते. जपानीत 'ल' आणि 'र' वेगळे नाहीत, म्हणून इंग्रजी 'लू'ने सुरू होणारं नावही 'रु'तच धरलं जातं. योनेझू केन्शीचं 'लेमन' असंच 'रे'खाली सापडतं (आणि तेही 'न्'वर संपतं, सांभाळा).

बसण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या. 'फीबा'सारखा शेवटी लांबवलेला स्वर असेल तर पुढच्याने 'बा' घ्यायचा की 'आ'? आणि 'बा'च्या जागी 'हा' चालतो का? प्रत्येक गटाचे नियम वेगळे असतात, आणि मध्येच वाद झाला की खोलीचं भाडं तेवढ्यात वाया जातं.

एकदा लागलेलं गाणं त्या दिवशी पुन्हा चालत नाही, तेव्हा किमान दोन तयार ठेवा. मी तुमच्या जागी असते तर या आठवड्यात 'रुबी नो युबिवा' बसवलं असतं आणि 'रुरिइरो नो चिक्यू' नुसतं ऐकत राहिले असते. पट्टी जमत नसेल तर मशीनच्या टॅबलेटवर ती वरखाली करता येते. गाणं सुरू व्हायच्या आधीच दोन घरं खाली घ्या.