पहिल्यांदाच शिकणार असाल, तर नीळ निवडा

जपानमध्ये हस्तकलेची ही पहिलीच कार्यशाळा असेल, तर मातीकामाऐवजी नीळ-रंगकाम घ्या. मातीचं भांडं वाळवून, भाजून हाती यायला अनेक आठवडे लागतात. ते भारतात पाठवतील का, हे आधी विचारावं लागतं. शिकोकू बेटावर तोकुशिमाजवळच्या आइझुमी गावात 'आइ नो याकाता' हे निळीचं संग्रहालय आहे. तिथे नक्षीसाठी रुमाल जागोजागी बांधा, निळीच्या कुंडात बुडवा, त्याच दिवशी घेऊन निघा. कापड कुंडातून हिरवट निघतं आणि हवा लागताच निळं होत जातं. तो क्षण घाईत घालवू नका. पुन्हा बुडवलं की रंग गडद होतो. हातमोजे घालाच, नखं बरेच दिवस निळी राहतात. आणि किन्त्सुगी, म्हणजे फुटलेली भांडी लाखेने सांधून सांध्यावर सोनं लावण्याची कला, करणार असाल, तर खरा उरुशीचा चीक (उरुशी झाडाची नैसर्गिक लाख) वापरतात का ते विचारा. कच्च्या उरुशीने अंगावर पुरळ उठू शकतं.