वाचकांचे प्रश्न : जुन्या मीटरगेजचा माग

प्रश्न : काले ते कुळे पट्ट्यात, चालू रुळांपासून थोडं दूर, झाडीत एक लांबलचक भराव आहे. गावात कुणी त्याला जुन्या रेल्वेची वाट म्हणतं, कुणी खाणीचा रस्ता. ठरवायचं कसं?
– एक वाचक, कुडचडे

उत्तर : मुरगाव ते कॅसलरॉक हा मार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला तो मीटरगेजचा, म्हणजे रुळांतलं अंतर १००० मिमी. १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहानंतर पोर्तुगीज हद्दीवरची वाहतूक थांबली, पण मार्ग टाकून दिला नव्हता. तो ब्रॉडगेज झाला १९९० च्या दशकात. गेज बदलताना शक्य तिथे जुन्याच भरावावर नवे रूळ टाकतात, त्यामुळे सलग जुनी लाइन मिळेल ही आशा सोडा. तुकडे मिळतात ते मुख्यतः वळणांवर. मीटरगेजला १६ अंशांपर्यंतचं, म्हणजे सुमारे १०९ मीटर त्रिज्येचं वळण चालतं; ब्रॉडगेजची मर्यादा १० अंश, १७५ मीटर. वळण सैल करायला मार्ग सरकवला की जुना बाक बाजूला पडतो.

लोखंड शोधायला जाऊ नका. रूळ आणि त्यांखालचे आडवे स्लीपर भंगारात गेलेले असतात. पाहायचा तो चढ आणि वळण.

चढासाठी गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, २० मीटरपेक्षा थोडी लांब. मोबाइलवरचं कोनमापक इथे कुचकामी आहे, कारण या मार्गावरच्या घाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे जेमतेम दीड अंश, आणि फोनची चूक सहज अर्ध्या अंशाची निघते. ३७ ला १ या चढावर २० मीटरमागे उंचीत ५४ सेंटिमीटरचा फरक येतो. तुमच्या भरावावर तो सलग तीन-चार मापांत ७०-८० येत असेल तर विषय संपला, ती खाणीच्या ट्रकांची वाट. एखादंच माप जास्त आलं तर घाई करू नका. पावसाने भराव खचलेला असू शकतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तरी माप चुकतं, तो आधी झटकून काढा.

वळणासाठी २० मीटरची दोरी भरावाच्या एकाच कडेवर, आतल्या बाजूने ताणा. दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजा आणि ५० ला त्याने भागा. उत्तर येईल ती त्रिज्या. मधलं अंतर २९ ते ४६ सेंटिमीटर आलं, तर मीटरगेजला चालणारं आणि ब्रॉडगेजला न चालणारं वळण तुमच्या हाती लागलं. त्याहून जास्त आलं तर तिथून कुठलीच रेल्वेगाडी गेली नाही. कड ढासळलेली असते, म्हणून पाच-सहा जागी मोजून मधला आकडा धरा.

मग पालापाचोळा सारून काठीने वीतभर उकरा. आपल्या तांबड्या मातीत काळी, टोकदार खडी एकसारख्या जाडीने लागली तर बरीच खात्री झाली. मोऱ्याही बघा: भरावाखालून आरपार गेलेली चिऱ्यांची मोरी साध्या खाणरस्त्याला कुणी बांधत नाही. कुंपणात खांब म्हणून पुरलेला रूळ दिसला तर त्याच्या तळाची रुंदी मोजा. ११० मिमी असेल तर तो यार्डाला ६० पौंडांचा, १२२ असेल तर ७५ पौंडांचा. दोन्ही मीटरगेजवर चालत. १३६ च्या पुढचा बहुधा ब्रॉडगेजचा. पण खांबाचे रूळ कुठूनही आणतात. त्यावरचं सालही रूळ घडवल्याचं असतं, टाकल्याचं नव्हे.

कागदावरचा सोपा पुरावा म्हणजे सर्व्हे प्लॅन. रेल्वेची जमीन अरुंद, लांब पट्टी म्हणून उठून दिसते. त्या सर्व्हे नंबराचं वन-फोर्टीन, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा, काढून कब्जेदार पाहा. उपग्रहचित्र फेब्रुवारी ते मे मधलं घ्या, पानगळीत भरावाची सावली उमटते.

प्रश्न : झुआरीच्या पात्रात सुकतीला (ओहोटीला) दगडी खांबांचे बुंधे वर येतात. ते जुन्या रेल्वे पुलाचे असतील का?
– एक वाचक, सावर्डे

उत्तर : अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतली सुकती धरा, तेव्हा पाणी सर्वांत खाली जातं. मुरगाव बंदराची वेळ सावर्ड्याला तशीच लागू होत नाही. नदीत जितकं आत जाल तितकी सुकती उशिरा. पावसाळ्यात हे काम करूच नका.

बुंधे दोन्ही काठांना जोडणाऱ्या एका सरळ रेषेत आहेत का? एकाच काठाला ओळीने असतील तर ते खनिज भरायच्या धक्क्याचे. रेषा जुळली तर ती दोन्हीकडे वाढवून भराव मिळतो का पाहा. भरावाशिवाय नुसत्या खांबांवरून रेल्वे म्हणता येत नाही. कुठे खांबाचा माथा शाबूत असेल तर पूल कमानीचा की गर्डरचा ते लगेच कळतं: कमानीच्या पुलाच्या खांबाला वर दोन्ही अंगांना तिरकी बैठक असते, लोखंडी गर्डरच्या खांबाचा माथा सपाट, वर कठीण दगडाच्या बैठका आणि त्यांत बोल्टांची भोकं. होडीतून मोजताना फीत वाऱ्याने झोल खाते. खांबांमधलं अंतर काठावरून दोन कोन घेऊन काढलेलं बरं.

प्रश्न : जुना खिळा किंवा स्लीपरची पट्टी आठवण म्हणून घरी आणली तर चालेल?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. गंजलेली असली तरी ती रेल्वेची मालमत्ता, आणि त्यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. चालू रुळांवरून चालणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुळ्याच्या वर घाटात अभयारण्य लागतं, तिथे वनखात्याची परवानगी वेगळी लागते. रेल्वेच्या परवानगीने ती भागत नाही.