जास्वंदीवरचा पांढरा कापूस आणि काळी पडलेली पानं

प्रश्न : अंगणातल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं चिकटलंय. कळ्या न उमलताच गळतात, खालची पानं काळी पडलीत. बुरशीनाशक दोनदा मारलं, फरक नाही. शेजारच्या मिरचीची पानंही मुरडलीत. काय करावं?

उत्तर : आधी बुरशीनाशक थांबवा. काळं पान ओल्या फडक्यानं पुसून बघा, काजळी निघून येईल आणि खाली पान हिरवंच असेल. दुखणं वर शेंड्यात आहे. तो पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. रस शोषून तो गोड चिकटा सोडतो, तो खालच्या पानांवर ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी धरते.

आता खोड बघा. मुंग्यांची रांग लागलेली असणार. चिकट्याच्या लोभानं त्या पिठ्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या मित्रकिडींना हुसकावतात. म्हणून पहिला इलाज मुंग्यांचा. खोडाला कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, थेट सालीला नको. भिंतीला टेकलेली फांदी छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात.

फार माखलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. खतखड्ड्यात टाकले की पिठ्या पुन्हा परसात आलाच म्हणून समजा. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग निंबोळी अर्क : लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून गाळा, थोडा साबण घाला. पिठ्याच्या अंगावर मेण असतं, साबणाशिवाय औषध ओघळून जातं. धुण्याची पावडर मात्र वापरू नका, पानं करपतात. संध्याकाळी, पानांच्या खालूनही फवारा. आठ दिवसांनी पुन्हा.

फवारण्याआधी एक खात्री करा. लांब मेणाचे धागे असलेली, काडीनं डिवचल्यावर भराभर पळणारी पांढरी अळी दिसली तर ती पिठ्या नाही, पिठ्या खाणाऱ्या ढालकिड्याची अळी आहे. पुष्कळ जण तिलाच आधी मारतात! ती दिसली तर त्या फांदीवर काही फवारू नका. पपईवरचा पिठ्या २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि पुढे महाराष्ट्रातही पसरला. तो फवारण्यांना पुरून उरला. अखेर २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेल्या इवल्याशा परोपजीवी कीटकांनी त्याला आवरलं.

मिरचीचं वेगळं. पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळली असतील तर फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारा अगदी बारीक). पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, फुलकिडे असतील तर बारीक पिवळसर रेघा चालताना दिसतील. त्यांना वरचाच अर्क चालेल. कोळी हा कीटक नव्हे, त्याला पाण्यात विरघळणारं गंधक लागतं, तेही कडक उन्हात नको.

आणि जास्वंदीला युरिया घालत असाल तर महिनाभर बंद ठेवा. कोवळी लुसलुशीत फूट पिठ्याला फार आवडते.